गिरणीचं तोंड

आमच्या वसाहतीतली सगळी दुकानं रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि त्यात कुणा इंजिनियरची चूक नव्हती. आम्हीच हात वर करून तसं ठरवलं होतं.

बीडमध्ये जुन्या गावठाणाच्या कडेला ही वसाहत. नगरपालिकेनं कधीकाळी आपल्या खालच्या कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या खोल्या, समोरासमोर दोन ओळी, मध्ये मोकळं अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. माझे वडील पाण्याच्या टाकीवर चौकीदार होते म्हणून आम्हाला खोली मिळाली. ते गेल्यावर आईनं पुढच्या भागात पिठाची गिरणी टाकली आणि आम्ही दोघी मागे सरकलो. गिरणीच्या घरघरीत मी अभ्यास केला, त्यामुळे आजही शांत जागेत मला काही सुचत नाही. पुढं अंबाजोगाईला कॉलेजात शिकवायला लागले, तिथंच खोली घेतली आणि दर शनिवारी एस.टी.नं बीडला यायचं अशी सवय पडली.

आमच्या घरात स्वस्थ बसणं कुणालाच जमत नाही. आई उभ्यानं चहा पिते आणि भाकरी खातानासुद्धा तिचा एक कान मोटारीकडे असतो. माझ्या पायाला तर भिंगरीच आहे. अंबाजोगाईत असले की बीडला जावंसं वाटतं आणि बीडला पोचले की परतीच्या गाडीची वेळ आठवायला लागते. केजला गाडी थांबली की मी उगाचच खाली उतरते आणि कंडक्टरच्या शिव्या खात परत चढते. एखादी गोष्ट ठरली की ती लगेच व्हावी, नाहीतर ठरलीच नसती तर बरं, असा माझा स्वभाव.

त्यामुळे जुनी वसाहत पाडून तिथं नवी इमारत होणार, वर घरं, खाली गाळे आणि मध्ये सगळ्यांची मिळून बाग, हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त घाई मलाच झाली होती. भिंतींना ओल होती, संडास सामायिक होते, पत्रे उन्हाळ्यात तव्यासारखे तापायचे. त्या खोल्यांबद्दल हळवं व्हावं असं मला तरी काही दिसत नव्हतं. एक तरुण आर्किटेक्ट आला, त्यानं निंबाखाली सतरंजीवर नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर लोकांनी आपापल्या चपला ठेवल्या. नकाशात गाळ्यांची तोंडं रस्त्याकडे होती आणि बाग त्यांच्या पाठीशी. बायकांनी नकाशा फिरवून फिरवून बघितला आणि त्यांच्यात कुजबूज सुरू झाली.

नको म्हणायला सुरुवात खालानं केली. खाला म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीत बांगड्या विकणारी. तिची आणि आईची मैत्री माझ्या जन्माआधीची. तिचं म्हणणं, रस्त्याच्या अंगाला दुकान देऊ नका, ते टिकत नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यात वेडेपणा काही नव्हता. मी शाळेत होते तेव्हा रस्ता रुंद झाला आणि रस्त्याला पाठ असलेल्या आमच्या ओळीतल्या सगळ्यांच्या मागच्या मोऱ्या एका सकाळी गेल्या. काही वर्षांनी पुन्हा मोजणीवाले आले आणि मागच्या भिंती गेल्या. सगळ्यांनी आहे त्या खोलीत एक एक हात आत सरकून नव्या भिंती घातल्या. रस्त्याकडे जे काही असेल ते आज ना उद्या जाणार, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक होतं. अंगणाकडच्या दाराला मात्र कधी कुणी हात लावला नाही.

मी उभी राहून चांगलं भाषण ठोकलं. गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं, अंगणातून नाही, आता रस्ता आणखी रुंद होणार नाही, असं बरंच काही. आर्किटेक्ट कौतुकानं माझ्याकडे बघत होता. मग आई बोलली. ती सभेत कधी बोलत नाही, म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

"रस्ता आज हितं हाय, उद्या घरात येतोय," ती म्हणाली. "अंगण कुटं जात न्हाई."

झालं. सगळे हात वर गेले. आर्किटेक्टनं एकदा सांगून बघितलं, पुन्हा विचार करा म्हणाला, आणि मग नकाशा उलटा केला. गाळ्यांची तोंडं बागेकडे आली आणि रस्त्याला मिळाली एक लांबलचक भिंत. मी दातओठ खात अंबाजोगाईची गाडी पकडली.

बांधकाम चालू असताना लोक जमेल तिथं पांगले. गिरणी सुटी करून खालाच्या भाच्याच्या गोदामात ठेवली आणि आई माझ्याकडे राहायला आली. आल्या दिवशीच तिनं स्वयंपाकघरातला पिठाचा डबा उघडला. पाकिटातलं पीठ होतं. मी वर्षानुवर्षं तेच आणत होते. तिनं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "हे कधी दळलंय?" मी म्हणाले, मला काय माहीत, पाकिटावर असेल. तिनं झाकण लावलं आणि त्या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. मलाच चुटपुट लागून राहिली, आणि चुटपुट लागली म्हणून तिचाच राग आला.

तिला माझ्या खोलीत चैन पडेना. मी कॉलेजला गेले की ती गल्लीच्या टोकाच्या गिरणीसमोर जाऊन उभी राहायची. दळण नाही, काही नाही, नुसती उभी. संध्याकाळी येऊन सांगायची की त्या माणसाचा दगड टाकीला आलाय आणि त्याला कळत नाही. टाकीला येणं म्हणजे दगडाची धार बोथट होणं; मग दगड उलटा करून छिन्नीनं, म्हणजे टाकीनं, त्याला बारीक बारीक खाचा पाडाव्या लागतात. आई हे काम दर अमावास्येला करायची. त्या दिवशी गिरणी बंद आणि दुपारभर नुसती टकटक. अख्ख्या वसाहतीला अमावास्या त्या टकटकीनं कळायची. माझ्याकडे आई कशीबशी महिनाभर राहिली असेल. मग बीडला खालाच्या भाड्याच्या खोलीत निघून गेली, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं.

नवी इमारत चांगली झाली, हे कबूल केलं पाहिजे. प्रत्येकाला आपला संडास, आपला नळ, वीज असेल तेव्हा लिफ्ट. सोडतीत आईला तिसरा मजला मिळाला. कडुनिंब शाबूत राहिला होता, त्याच्याभोवती हिरवळ, फरशीची पायवाट आणि सिमेंटचे बाक. गाळ्यात गिरणी बसली, नव्या पट्ट्यावर फिरायला लागली आणि आईच्या अंगात पुन्हा जीव आला.

बाकीच्या दुकानांचं मात्र मी म्हणाले होते तसंच झालं. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसती भिंत दिसायची, पान खाऊन थुंकायला अगदी सोयीची. मोबाईल दुरुस्तीवाला दिवसभर स्वतःचाच मोबाईल बघत बसायचा. किराणावाल्याकडे इमारतीतलीच लेकरं गोळ्या घ्यायला यायची. खालाच्या काचेच्या कपाटातल्या बांगड्या लग्नसराईतही जागच्या हलल्या नाहीत. फक्त गिरणीला माणसं होती, कारण जाता जाता सहज दिसली म्हणून गिरणीत कुणी येत नाही. तिथं माणूस घरून डबा भरूनच निघतो.

आमच्याकडे रांगेत माणसं उभी राहत नाहीत, डबे राहतात. आणि आई डब्यावर नाव लिहू देत नाही. झाकणाचा पोचा, कडीला बांधलेली चिंधी, बुडाला लागलेलं ठिगळ, एवढ्यावरून तिला डबा कुणाचा ते कळतं. कुणाच्या घरी पाहुणे आलेत आणि कुणाच्या घरी माणसं कमी झालीत हेही डब्याच्या वजनावरून कळतं. ज्वारी चालू असली की गव्हाच्या डब्यांनी थांबायचं, कारण गव्हात ज्वारीचं पीठ मिसळलं की पोळी फाटते. म्हणून डबा ठेवून जाते म्हणणाऱ्या बायका जायच्या नाहीत. बागेत बसायच्या. शेंगा फोडायच्या, लेकरांच्या उवा बघायच्या, सुनांच्या तक्रारी करायच्या. 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी होती. तिच्यावर कुणीतरी परकर वाळत घातला. ती बाग चालू होती ती गिरणीच्या आवाजावर, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला फक्त ओस पडलेले बाकीचे गाळे दिसत होते.

वर्ष सरायच्या आत पुन्हा निंबाखाली सभा भरली. आता सगळ्यांचं म्हणणं, रस्त्याकडची भिंत फोडा आणि शटर तिकडं लावा. इंजिनियर येऊन बघून गेला. दोन्हीकडून उघडं ठेवलं तर वरच्या मजल्यांचा भार पेलायला भिंतच उरत नाही, तेव्हा रस्त्याकडे उघडायचं तर बागेकडे बुजवावं लागेल, तेही सगळ्या ओळीचं एकदम, असं त्यानं सांगितलं. ओळीतल्या एकानं जरी नाही म्हटलं तरी काम होणार नव्हतं. आईनं नाही म्हटलं नाही. ती हो म्हणेना, एवढंच.

दर शनिवारी मी तिच्या मागे लागायचे. रस्त्याकडे तोंड झालं तर दुपटीनं दळण येईल, नाहीतर गिरणी विकून टाक आणि माझ्याकडे चल, हे माझं ठरलेलं पालुपद. ती ऐकून घ्यायची आणि गिरणीतून पीठ पडतं तिथं बांधलेली कापडी बाही झटकायची. लोक तिच्याशी बोलेनासे झाले. शेवटी खाला आली. मी तिथंच होते. ती गिरणीच्या पायरीवर बसली.

"बाई, तुज्याकडं डबा घिऊन तरी येत्यात," ती म्हणाली. "माज्याकडं कोन येतंय? आख्खा दिवस बांगड्या पुसत बसते मी."

आईनं मोटार बंद केली, पदरानं तोंड पुसलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊन हो म्हणून आली. वाटेत खालाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं पीठ खालाच्या काळ्या ओढणीवर उमटलं. मला विलक्षण आनंद झाला, आणि तो लपवायचंही मला सुचलं नाही.

दुकानं फिरली आणि चालायला लागली. खालाचा चेहरा उजळला. गिरणीलाही दळण वाढलं. मोटारसायकलवरून माणसं यायची, गाडी बंद न करता डबा ठेवायची आणि तासाभरानं येतो म्हणून जायची. आई ज्वारीनंतर गहू घ्यायचा की नाही हे आता कुणाला विचारत नव्हती, कारण विचारायला कुणी थांबतच नव्हतं. वसाहतीतल्या बायकांना मात्र डबा कडेवर घेऊन फाटकातून बाहेर, मग कोपऱ्याला वळसा, मग वाहनांच्या मधून जावं लागायचं. म्हाताऱ्यांनी आधी सोडलं. मग कुणी घरातच बसवायची छोटी घरघंटी घेतली, कुणी पाकिटं आणायला लागल्या. बागेच्या बाजूला दुकानांची बुजवलेली कोरी पाठ उभी राहिली. बाक रिकामे पडले, हिरवळ पिवळी झाली, शेळ्या आत यायला लागल्या आणि त्यांना हाकलायलाही कुणी बसलेलं नसे.

आईची तगमग मी बघत होते. दळण चालू असतानाच ती गिरणीला कडी लावायची, वळसा घालून बागेत यायची, निंबाखाली उभी राहून इकडं तिकडं बघायची आणि परत जायची. पुन्हा थोड्या वेळानं तेच. मी विचारलं, काय हरवलंय? म्हणाली, काही नाही. मला संताप यायचा. गिऱ्हाईक वाढलं, आता हिला आणखी काय हवं?

मग दसरा जवळ आला. वसाहतीतल्या कितीतरी घरांतली तरणी माणसं ऊसतोडीला जातात. निघायच्या आधी पहिल्या काही दिवसांचं पीठ सोबत न्यायचं म्हणून बाजरी-ज्वारीची पोती गिरणीवर येतात. जुन्या अंगणात त्या दिवसांत जत्राच असायची. पोत्यांना टेकून बायका बसायच्या, मागे राहणाऱ्या लेकरांना आजीच्या स्वाधीन करायचं बोलणं तिथंच व्हायचं. या वर्षी ती पोती रस्त्याच्या कडेला लागली. एका टेम्पोवाल्यानं खड्डा चुकवायला गाडी मागं घेतली आणि एक पोतं फाटलं. कुणाला लागलं नाही, पण बाजरी सगळीकडे पसरली आणि त्या घरची सून चाकांच्या मधून ती ओंजळीनं गोळा करायला लागली. मागून हॉर्नवर हॉर्न.

आईनं मोटार बंद केली. ती पिठानं माखलेली, तशीच रस्त्याच्या मधोमध जाऊन वाहनांकडे तोंड करून उभी राहिली. लोक ओरडत होते, ती कुणाकडे बघत नव्हती. सगळी बाजरी गोळा होईपर्यंत हलली नाही.

वर घरी आल्यावर हात न धुताच खाली बसली. "इकून टाक," मला म्हणाली. "येते मी तुज्याकडं."

इतके दिवस मी हेच म्हणत आले होते, आणि आता ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली तर माझ्या तोंडून हो निघेना. माझ्या खोलीत ती काय करणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. गल्लीच्या टोकाला दुसऱ्याच्या गिरणीसमोर उभी राहील. दगड टाकीला आलाय म्हणून सांगत येईल आणि ते ऐकायला मी घरी नसेन. मला भीती वाटली. बघू, एवढंच म्हणून मी दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी पकडली.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेले नाही. परीक्षेचं काम होतं हे खरं, पण गिरणी विकत घ्यायला कुणीतरी आलंय असं ऐकायला लागेल म्हणून टाळलं हेही तितकंच खरं. आणि मग खालाचा फोन आला. ती हसत होती. अमावास्येला आईनं गिरणी बंद ठेवली आणि दुपारभर टकटक चालली होती. नेहमीचंच म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. टाकी दगडावर नाही, भिंतीवर चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या बाजूला, बुजवलेल्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर एक भोक दिसलं. डबा आरपार जाईल एवढंच, वर एक बोट नाही. सेक्रेटरी लाल झाला. इंजिनियर येऊन वाकून बघून गेला आणि एवढ्यानं भिंतीला काही होत नाही, फक्त चौकट बसवा म्हणाला. चौकट खालाच्या भाच्यानं आणून बसवली.

माझ्या कपाटावर एक स्टीलचा डबा कित्येक वर्षं पडून होता, कॉलेजातल्या कुठल्याशा सत्काराचा, खोक्यातून न काढलेला. तो मी काढला. बाजारातून गहू आणले, निवडले, भरले आणि डबा मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. शेजारच्या बाईनं डबा निरखून बघितला आणि विचारलं की अंबाजोगाईतल्या गिरण्या काय जळाल्या का. केजला गाडी थांबली तेव्हा डबा सोडून उतरता येईना, म्हणून मी जागेवरच बसून राहिले.

फाटकातून आत शिरले तर बाकांवर बायका होत्या. फार नव्हत्या, पण होत्या. भिंतीला लागून डब्यांची छोटीशी रांग होती. आतून घरघर येत होती. माझ्याआधीच्या बाईनं डबा आत सरकवला, तो आत ओढला गेला, आणि मग मी माझा पुढं केला.

पिठानं पांढरा झालेला हात बाहेर आला. त्यानं झाकण चाचपलं, कडी चाचपली, बुडाशी बोट फिरवलं, पुन्हा झाकणावर आला. कुठं पोचा नाही, चिंधी नाही.

"नव्या हायत का तुमी?" आईनं मोटारीच्या वरून आवाज चढवून विचारलं. "कोन्या घरच्या?"

ती माझ्याशी इतक्या अदबीनं जन्मात कधी बोलली नव्हती.

"तिसऱ्या मजल्यावरची," मी म्हणाले. "माय, मी हाय."

हात डब्यावर तसाच थांबला. घरघर चालूच होती. मग त्यानं झाकण काढलं, मूठभर गहू उचलले, बोटांतून परत सोडले आणि झाकण लावलं.

"जवारी चालू हाय," ती आतून म्हणाली. "गव्हाला येळ लागंल. बस तितं."

बाकावरच्या बायका सरकल्या आणि मी त्यांच्यात जाऊन बसले.